मुरगळणारा घोटा आणि कार्तिकी पौर्णिमा

आषाढ शुद्ध चतुर्दशी झाली की शत्रुंजयाची यात्रा चार महिने थांबते आणि साधू-साध्वीजींचा विहारही थांबतो. दोन्ही पुन्हा सुरू होतात ते कार्तिकी पौर्णिमेला. गेल्या चातुर्मासात या एकाच तिथीकडे डोळे लावून बसलेल्या दोन व्यक्तींचे पाय एकाच आठवड्यात माझ्या हाताखाली आले. फिजिओथेरपीच्या व्यवसायात इतकी वर्षे काढली, पण रुग्णाने पंचांग पुढे ठेवून उपचारांची मुदत ठरवून द्यावी, असे पूर्वी कधी घडले नव्हते. दोघांचीही तक्रार एकच होती : उजवा घोटा वारंवार मुरगळतो.

पहिले होते बावन्न वर्षांचे, कापडाचे घाऊक व्यापारी. नाव सांगत नाही. त्यांना शेठजी म्हणू. त्यांचा पाय प्रथम मुरगळला तो सात वर्षांपूर्वी. दुकानाच्या माळ्यावरून कापडाचे तागे उतरवत असताना शिडीची शेवटची पायरी संपली असे समजून त्यांनी पाऊल टाकले, आणि तेथे अजून एक पायरी होती. घोटा टम्म सुजला, काळानिळा पडला. आंबेहळदीचा लेप झाला, हाडवैद्याने पाय 'बसवून' दिला, पंधरा दिवसांत शेठजी पुन्हा गादीवर. वर्षभराने मंदिराच्या पायऱ्यांवर तोच पाय पुन्हा मुरगळला. मग एका लग्नाच्या हिरवळीवर, मग रस्त्याच्या कडेला. पाचव्या खेपेस तर घरातल्या सपाट फरशीवर. मधल्या काळात एका दवाखान्यात दहा दिवस विजेच्या यंत्राचा शेकही झाला होता. तेथे व्यायाम मात्र एकही सांगितला गेला नाही.

"ताई, पाय कमजोर झाला आहे हे कळल्यापासून मी त्याला फार जपतो. वर्षभर चालणेच सोडून दिले आहे," ते म्हणाले. "पण या वर्षी नव्वाणू करायची आहे. कार्तिकी पौर्णिमेला तळेटीला उभा राहणार, तसा संकल्प सोडला आहे."

नव्वाणू म्हणजे शत्रुंजयाच्या नव्व्याण्णव यात्रा. एका यात्रेला सुमारे साडेतीन हजार पायऱ्या, त्याही अनवाणी. आणि हे गृहस्थ वर्षभर चाललेही नव्हते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा 'कच्चा' पाय असेलच. तो पुन्हा पुन्हा का मुरगळतो, हे समजण्यासाठी घोट्याची रचना थोडी पाहावी लागते. नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड या दोघांची खाली एक कमान तयार होते. त्या कमानीत टॅलस नावाचे हाड बसलेले असते. हे हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागच्या बाजूला अरुंद आहे. पाऊल वर उचलले की रुंद भाग पाचरीसारखा कमानीत घट्ट बसतो. पाऊल खाली झुकले, चवडा जमिनीकडे गेला, की अरुंद भाग कमानीत येतो आणि सांधा सैल पडतो. म्हणूनच घोटा बहुधा उतरताना मुरगळतो : शिडीवरून, पायरीवरून, फुटपाथवरून. चवडा आधी टेकतो, सांधा सैल असतो, पाऊल आत वळते आणि शरीराचा सगळा भार बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधांवर, ज्यांना आपण सर्रास लिगामेंट म्हणतो त्यांच्यावर येतो. बाहेरच्या बाजूला असे तीन अस्थिबंध आहेत. त्यांतला सर्वांत पुढचा सर्वांत दुबळा, आणि बहुतेक वेळा पहिला फाटतो तोच.

फाटलेला अस्थिबंध भरून येतो, पण कधीकधी थोडा लांब आणि ढिला होऊन. दीर्घकाळ लोकांची समजूत अशी होती की वारंवार मुरगळण्याचे कारण एवढेच. १९६५ साली ब्रिटनमधील शल्यविशारद मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी गोष्ट पुढे आणली. अस्थिबंध म्हणजे नुसता दोर नव्हे. सांधा किती आणि कोणत्या दिशेला वळला आहे, याची वर्दी मेंदूला देणारे ज्ञानतंतू त्याच्यात असतात. दोर तुटताना हे तंतूही दुखावतात. सूज उतरते, वेदना जाते. वर्दी देणारी यंत्रणा मात्र पूर्ववत होत नाही. पाऊल वाकडे पडू लागले आहे ही बातमी उशिरा पोहोचते, पोटरीच्या बाहेरील बाजूचे स्नायू उशिरा आवळले जातात, तोवर घोटा मुरगळून गेलेला असतो. असे रुग्ण दुखऱ्या पायावर स्थिर उभे राहू शकत नाहीत, आणि तोल साधण्याचे व्यायाम दिले की त्यांची तक्रार कमी होते, हे फ्रीमन यांनी दाखवले. साठ वर्षे झाली तरी आमच्या शास्त्रातील ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि दुर्दैवाने बहुतांश घरांपर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही.

शेठजींना मी भिंतीपाशी एका पायावर उभे राहायला सांगितले. डाव्या पायावर डोळे मिटून ते अठरा सेकंद उभे राहिले, उजव्यावर चार. त्यांचा चेहरा उतरला. सात वर्षांत प्रथमच त्यांना कळले की पाय दुखत नसतानाही तो बरा झालेला नव्हता.

दुसरी परीक्षा घरी कोणालाही करता येईल. भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे ठेवावा, टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा, आणि पाऊल हळूहळू मागे सरकवत अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते पट्टीने मोजावे. शेठजींच्या डाव्या पायाचे अंतर भरले ११ सेंटिमीटर, उजव्याचे ६. उजवा घोटा एकीकडे ढिला होता आणि दुसरीकडे ताठर! ही विसंगती रुग्णांना नेहमी चकित करते. वारंवार दुखावलेल्या सांध्यात टॅलस किंचित पुढे राहतो, भोवतालचे वेष्टन आखडते, आणि पाऊल पुरते वर उचलले जात नाही. मग पायरी उतरताना मागच्या पायाची टाच वेळेआधी उचलली जाते, पाचर कमानीत घट्ट बसत नाही, आणि सांधा नको त्या क्षणी सैल पडतो.

येथे हाताने करावयाच्या उपचारांचे काम सुरू होते. मॅन्युअल थेरपी म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर मालीश येते, नाहीतर सांधा 'कट्' वाजवणारा वैद्य. प्रत्यक्षात हे काम पुष्कळ शांत असते. रुग्णाला उताणे झोपवून टाच पाटाच्या कडेबाहेर ठेवतात. उपचारक एका हाताने नडगी स्थिर धरतो, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग टॅलसवर टेकवून त्याला मागे ढकलतो. अगदी थोडे, तालात, पुन्हा पुन्हा. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी अशा हालचालींच्या पायऱ्या ठरवून दिल्या : वेदना प्रमुख असेल तर हलक्या, ताठरपणा प्रमुख असेल तर सांध्याच्या मर्यादेपर्यंत नेणाऱ्या. न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांची रीत आणखी वेगळी. त्यात रुग्ण स्वतः हालचाल करतो. दुखरे पाऊल स्टुलावर ठेवून तो गुडघा पुढे नेतो, उपचारक टॅलसला जागी दाबून धरतो आणि नडगीभोवतीचा कापडी पट्टा स्वतःकडे, पुढे ओढतो. मुलिगन यांचा नियम कडक आहे : उपचार चालू असताना वेदना होता कामा नये. वेदना झाली, तर दिशा चुकली आहे.

सांध्यातून कधी आवाज येतो तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा. जागेवरून निसटलेले हाड जागी गेल्याचा तो नाद नव्हे. साध्या मुरगळण्यात हाड निसटलेले नसतेच, त्यामुळे 'बसवण्या'सारखेही काही नसते. ताज्या दुखापतीवर जोरकस मालीश केल्याने आतला रक्तस्राव मात्र वाढतो.

पहिल्याच दिवशी शेठजींचे अंतर ६ वरून साडेसात सेंटिमीटरवर गेले. ते हरखून गेले. पुढच्या आठवड्यात मोजले, तर साडेसहा! हाताच्या उपचारांचे खरे स्वरूप हेच. ते दार उघडून देतात. त्या दारातून रोज ये-जा झाली नाही तर ते पुन्हा मिटते. अभ्यासांचाही निर्वाळा असाच आहे की सांध्याची हालचाल हाताने लगेच वाढते, पण टिकाऊ लाभ व्यायामाची जोड असेल तरच मिळतो. माझ्या टेबलावर आडवे होण्यासाठी आनंदाने पैसे मोजणारे आणि घरी पाच मिनिटे व्यायाम न करणारे रुग्ण मी खूप पाहिले आहेत. शेठजींना मी स्पष्ट सांगितले, "मी आठवड्यातून एकदाच भेटेन. उरलेले सहा दिवस तुमचे."

त्यांचे सहा दिवस असे ठरले. सकाळी दात घासताना उजव्या पायावर उभे राहायचे, आधी भिंतीला एक बोट लावून, मग बोटाशिवाय. हे सहज जमले की घडी घातलेल्या गादीवर, त्यानंतर डोळे मिटून. दुकानात दर दोन तासांनी गादीवरून उठून वीस वेळा टाचा उचलायच्या, पुढे एका पायावर. रबरी पट्टी टेबलाच्या पायाला बांधून पाऊल बाहेरच्या दिशेला ओढायचे, म्हणजे ते आळशी झालेले बाहेरचे स्नायू जागे होतील. शेवटी पायरी : डावा पाय सावकाश खाली टेकवायचा, सगळा ताबा वर राहिलेल्या उजव्या पायाने ठेवायचा. चढण्याचा सराव सगळे करतात. उतरण्याचा कोणी करत नाही. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २००९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला आहे. नेहमीच्या उपचारांसोबत आठ आठवडे घरच्या घरी तोलाचे व्यायाम करणाऱ्यांपैकी २२ टक्के जणांचा पाय वर्षभरात पुन्हा मुरगळला, व्यायाम न करणाऱ्यांपैकी ३३ टक्के जणांचा. व्यायामाने सगळेच वाचले नाहीत, हेही त्यातून दिसते. परंतु ज्याला काहीच खर्च नाही अशा उपायातून एवढा लाभ, हे कोणत्याही व्यापाऱ्याला पटावे.

आता दुसरा घोटा. उपाश्रयातून निरोप आला की साध्वीजी महाराजांचा पाय तीनदा मुरगळला आहे, येऊन पाहावे. वय चाळिशीच्या आतले. विहारात रस्त्याच्या कडेच्या खडीवर पाऊल वळत असे. शेवटच्या वेळी तर चातुर्मासाच्या गावी पोहोचायला दोन मुक्काम उरले असताना. सोबतच्या साध्वीजींच्या आधाराने, खुरडत त्या प्रवेशाला पोहोचल्या होत्या. सुखसाता विचारून बसले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "माझ्यामुळे सगळ्यांचा विहार खोळंबेल का?" पाय दुखतो का, हे मला विचारावे लागले.

तेथे माझ्या निम्म्या सामग्रीचा उपयोग नव्हता. विजेचे यंत्र नको, कारण अग्निकायाची विराधना. बर्फ नको, कारण तो अप्काय. रबरी पट्टी ठेवून घेणे म्हणजे उपकरणांत आणखी एकाची भर. उरले हात, खिडकीतला उजेड आणि बसायचा लाकडी पाट. खरे सांगते, त्या मर्यादेने मला काहीच अडले नाही. घोट्याच्या या तक्रारीत यंत्रांचा वाटा मुळातच गौण आहे. पाटाच्या कडेवर टाच ठेवून टॅलसची हालचाल झाली. पट्ट्याऐवजी त्यांच्याच जुन्या वस्त्राची घडी चालली. व्यायामासाठी तीच घडी पाऊलभोवती घेऊन टोके हातात धरली. सूज असेल तेव्हा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले फडके. आणि एक गोष्ट मला जाता जाता दिसली. गोचरीला निघताना त्या दांडा उजव्या हातात धरत, दुखऱ्या पायाच्याच बाजूला. काठीचा आधार विरुद्ध हातात असावा लागतो. तेव्हाच दुखऱ्या पायावरचा भार हलका होतो. दांडा डाव्या हातात गेला आणि त्यांची चाल त्याच दिवशी बदलली.

व्यायामाच्या बाबतीत साध्वीजींनी शेठजींना केव्हाच मागे टाकले. सांगितलेले त्यांनी एकही दिवस चुकवले नाही. अडचण निघाली ती व्यायाम जास्त होण्याची. दोनदा थांबवावे लागले.

पर्युषणात शेठजींनी अठ्ठाई केली. उपवासाच्या दिवसांत मी त्यांचे जोराचे व्यायाम बंद ठेवले होते. फक्त भिंतीपाशी तोल आणि बसल्या जागी पावलाची हालचाल. ते नीट पार पडले. पण संवत्सरी प्रतिक्रमणानंतर दुसऱ्या दिवशी घोटा पुन्हा सुजला. कोठे पडले नाहीत, मुरगळले नाही. मग झाले काय? तास-तास घातलेली पालथी! पालथीत पाऊल खाली झुकून आत वळलेले असते आणि बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो, म्हणजे मुरगळताना जी स्थिती असते तीच, सावकाश आणि दीर्घकाळ. हे मी त्यांना आधी सांगायला हवे होते. चूक माझी होती. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक असो की पेढीवरची बैठक, दुखापत ताजी असताना पालथी टाळावी, खुर्ची घ्यावी. नंतरही कटासण्याची एक घडी घोट्याखाली सरकवावी आणि मधूनमधून पाय बदलावेत. आराधना खुर्चीवर बसून करण्यात कमीपणा वाटणाऱ्यांना मी काय सांगणार! ते गुरुमहाराजांनाच विचारावे.

पाय नव्याने मुरगळला तर काय करावे, हेही येथेच सांगून टाकते. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, किंवा आतल्या वा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर अथवा टोकावर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढावाच. पाऊलाच्या मध्यभागी, करंगळीकडच्या हाडाच्या मुळाशी दाबून दुखले तरीही. कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयन स्टील यांनी १९९२ साली मांडलेली ही कसोटी आज जगभर वापरतात. हाड शाबूत असेल तर दोन-तीन दिवस पाय उंच, दाबपट्टी, गार शेक. आणि मग झेपेल तशी हालचाल. आठवडेच्या आठवडे प्लास्टरची गरज बहुधा नसते. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. चौविहार किंवा उपवास असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे गोळीची वेळ आणि प्रकार त्याप्रमाणे ठरतो.

आणखी एक सावधगिरी आपल्या घरांपुरती. अस्थिबंध बळकट करणारी म्हणून कोलॅजेनची भुकटी हल्ली सर्रास विकली जाते. ते कोलॅजेन बहुधा गुरांच्या कातडीतून वा माशांतून काढलेले असते, आणि कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे. डबीवरचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय ती घरात आणू नये. घोट्यासाठी तिची आवश्यकताही नाही. चालताना आधार हवाच असेल, तर नुसता लवचिक मोजा फारसा उपयोगाचा नाही. दोरीचा वा पट्ट्यांचा आधार घ्यावा. तो कापडी मिळतो, चामड्याचा लागत नाही, आणि अनवाणी पायावरही घालता येतो.

तीन ते सहा महिने असे मनापासून केल्यानंतरही पाय दगा देत राहिला, किंवा सांधा अडकतो, आत खोलवर दुखते, सूज उतरतच नाही, असे असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. टॅलसवरील कूर्चेला इजा झाली असण्याची शक्यता असते आणि ती एमआरआयमध्ये दिसते. ढिला अस्थिबंध आखडून शिवण्याची शस्त्रक्रिया स्वीडनचे लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली मांडली. तिचीच सुधारलेली रूपे आजही केली जातात आणि निकाल चांगले येतात. पण तिच्यानंतरही व्यायाम हेच करावे लागतात.

आश्विन सरत आला तेव्हा शेठजींचे भिंतीपासूनचे अंतर साडेनऊ झाले होते आणि मिटल्या डोळ्यांनी पंधरा सेकंद. नव्वाणूचा विषय मीच काढला. चार महिन्यांच्या तयारीवर एक यात्रा होईल, कदाचित दोन. नव्व्याण्णव नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांनी गुरुमहाराजांशी बोलून काय ठरवले ते मी विचारले नाही. कार्तिकी पौर्णिमेला ते तळेटीला उभे होते एवढे खरे. संध्याकाळी फोन आला : एक यात्रा झाली, चढताना काहीच नाही, उतरताना शेवटच्या पाचशे पायऱ्यांत पोटऱ्या थरथरत होत्या, पण घोटा वळला नाही. दुसऱ्या दिवशी जाण्याचा मोह त्यांनी आवरला. खरेदीचा व्यवहार असता तर आवरला नसता, असे त्यांच्या सौभाग्यवती मागून म्हणाल्या.

त्याच दिवशी साध्वीजींचा विहार झाला. पहिला मुक्काम मुद्दाम सहा किलोमीटरवर ठेवला होता. श्रावक-श्राविकांच्या मागे मीही काही अंतर चालत गेले; नजर अर्थातच उजव्या टाचेवर. दांडा डाव्या हातात होता. गावाबाहेर डांबरी रस्ता संपून खडी लागते तेथे त्या क्षणभर थांबल्या, खाली पाहिले, आणि पुढे चालू लागल्या.

शेठजी अजून महिन्यातून एकदा येतात. नव्वाणू पुढच्या वर्षी धरली आहे. सकाळी दात घासताना ते एका पायावर उभे असतात, आणि त्यांचा सहा वर्षांचा नातू शेजारी तसाच उभा राहून मोठ्याने आकडे मोजतो. नातवाचा तोल जास्त टिकतो, ही त्यांची सध्याची तक्रार.